द्वितीय भाषेचे व्याकरण आणि परीक्षा : बोथ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातील केवळ इस्लापूर सर्कल मुंबई राज्याकडे देण्यात आले. बोथ तालुक्याचा उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला व २०१४ पासून तो तेलंगणात आहे. एकाच तालुक्यातून निघालेल्या या रेषेचा राजकीय व महसुली अंगाने बराच विचार झाला आहे. भाषाशिक्षणाच्या अंगाने मात्र तो फारसा झालेला नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबांची घरची बोली एकच, म्हणजे दखनी. शाळेतील प्रथम भाषाही बहुधा एकच, म्हणजे उर्दू. परंतु बोथच्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेत तेलुगू आणि इस्लापूर-किनवटच्या विद्यार्थ्याला मराठी द्वितीय भाषा म्हणून लिहावी लागते. शिवाय बोथ परिसरात मराठी भाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत व जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. त्यामुळे तेलुगूचा पेपर हा केवळ उर्दू माध्यमाचा प्रश्न राहत नाही. गोंडी, कोलामी व बंजारा बोलणाऱ्या मुलांचा विचार केला तर ज्याची द्वितीय भाषा खरोखर दुसरीच भाषा आहे असा विद्यार्थी या भागात शोधावा लागेल. बहुतेकांची ती तिसरी किंवा चौथी असते.

दोन्ही राज्यांनी अलीकडे राज्यभाषेचे अध्यापन सक्तीचे केले आहे. तेलंगणाने २०१८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये त्यासाठी कायदा केला. सक्ती योग्य की अयोग्य हा येथील विषय नाही. राज्यात राहणाऱ्याने राज्याची भाषा शिकावी यात गैर काही नाही आणि मुस्लिम समाजातील मुलांनी ती उत्तम शिकावी यात त्यांचेच हित आहे. प्रश्न आहे तो या मुलांना व्याकरण म्हणून जे शिकवले जाते व परीक्षेत जे विचारले जाते त्याचा. ते व्याकरण मूलतः कोणासाठी लिहिले गेले, हे पाहिल्याशिवाय या मुलांच्या उत्तरपत्रिकांतील लाल शाईचा अर्थ लागत नाही.

मराठीपासून सुरुवात करू. ‘पुढील वाक्याचा प्रयोग ओळखा’ हा प्रश्न महाराष्ट्रातील शालेय परीक्षांपासून तलाठी भरतीपर्यंत सर्वत्र भेटतो. उर्दू माध्यमाचा विद्यार्थी त्याची तयारी एका युक्तीने करतो. कर्त्याला प्रत्यय आहे व कर्माला नाही, तर कर्मणी. दोघांनाही आहे, तर भावे. कर्त्याला नाही, तर कर्तरी. ही युक्ती बहुतेक वेळा चालते आणि गुण मिळतो. ‘मी आंबा खाल्ला’ असे वाक्य आले की ती फसते, कारण मराठीत ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांना तृतीयेचा प्रत्यय दिसत नाही. मग विद्यार्थी ‘कर्तरी’ लिहून मोकळा होतो. पण हे नुकसान एका गुणाचे. मोठे नुकसान पुढच्या पानावर होते. त्याच उत्तरपत्रिकेतील निबंधात तो ‘मी चिठ्ठी लिहिलो’, ‘आम्ही भाकरी खाल्लो’, ‘मीने सांगितले’ अशी वाक्ये लिहितो. तेथे परीक्षक गुण कापतो. म्हणजे ज्याला कर्मणी प्रयोग ओळखता येतो त्याला तो करता येत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच उत्तरपत्रिकेत नोंदल्या जातात. पहिल्या प्रश्नाने नेमके काय मोजले, असे विचारले तर युक्तीचे पाठांतर याखेरीज उत्तर देता येणार नाही.

ज्याची मातृभाषा मराठी आहे त्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न निरर्थक नाही. तो ‘मी भाकरी खाल्ली’ असे तिसऱ्या वर्षापासून बोलत आला आहे. जे येते त्याला नाव देणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. शालेय मराठी व्याकरणाची घडण या मुलासाठीच झाली आहे. गंमत अशी की मराठी व्याकरणाचा आरंभ तसा झालेला नाही. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले ते मराठी न येणाऱ्यांसाठी. त्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले, तेही बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकांसाठी. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले आणि तेथून मराठी व्याकरणाचा वाचक बदलला. शब्दांच्या जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आणि विभक्ती संस्कृताच्या धर्तीवर, अशी जी जोडणी त्या काळात बसली ती शाळेत आजही टिकून आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या जोडणीची सखोल चर्चा आहे. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहून तिच्या मुळावरच प्रश्न उभे केले. परंतु विद्वानांचा पुनर्विचार शाळेच्या फळ्यापर्यंत क्वचितच पोहोचतो.

आज परीक्षार्थींच्या हाती सर्वाधिक दिसणारे पुस्तक म्हणजे मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’. या पुस्तकाला दोष देणे अन्यायाचे होईल. मांडणी स्वच्छ आहे, उदाहरणे मुबलक आहेत, व्याख्या लक्षात राहण्याजोग्या आहेत, आणि मराठी मुलाला जे हवे ते त्यात मिळते. दोष आहे तो हेच पुस्तक, किंवा त्याचे पातळ केलेले मार्गदर्शक, उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे जसेच्या तसे ठेवण्यात. विभक्तीचा तक्ता घ्या. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. ‘रामाला बोलाव’ येथे द्वितीया आणि ‘रामाला पुस्तक दे’ येथे चतुर्थी, हे मराठी मुलालाही पाठच करावे लागते. भाषा शिकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, कारण रूप एकच आहे. जेथे त्याला खरी मदत हवी असते तेथे, म्हणजे ‘राम’चे ‘रामा’ होते त्या जागी, तक्ता गप्प असतो. सामान्यरूपाचे प्रकरण बहुतेक मार्गदर्शकांत दोन पानांत उरकलेले असते. मराठी मुलाला ते शिकवावे लागत नाही, म्हणून.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याचे मराठी जेथे सर्वांत जास्त अडते ती जागा हीच आहे आणि ते का अडते याचे कारण त्याच्या उर्दूतच सापडते. उर्दूत ‘लड़का’चे ‘लड़के को’ होते, म्हणजे आकारान्त पुल्लिंगी नाम बदलते. पण ‘घर’ आणि ‘गाँव’ बदलत नाहीत; ‘घर को’, ‘गाँव को’. म्हणून हा विद्यार्थी ‘घोड्याला’ बरोबर लिहितो आणि ‘गावला’, ‘घरला’ चूक लिहितो. ही चूक निष्काळजीपणाची नाही, नियमाची आहे. फक्त नियम दुसऱ्या भाषेचा आहे. शिक्षकाने एकदा एवढेच सांगितले की उर्दूत जे फक्त ‘लड़का’ करतो ते मराठीत प्रत्येक नाम करते, तर विद्यार्थ्याला पकडायला एक टोक मिळते. स्त्रीलिंगी अकारान्त नामांचे कोडे याहून अवघड वाटते. ‘भिंतीला’ पण ‘वाटेला’, ‘रात्रीला’ पण ‘विटेला’, हे का? अनेकवचन माहीत असेल तर उत्तर सोपे आहे. भिंती, रात्री, म्हशी असे ईकारान्त अनेकवचन होत असेल तर सामान्यरूप ईकारान्त. वाटा, विटा, जिभा, चिंचा असे आकारान्त होत असेल तर सामान्यरूप एकारान्त. मराठी मुलाला हा नियम सांगणे हास्यास्पद ठरेल. उर्दू, तेलुगू वा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तो वर्षभराचे ओझे हलके करणारा आहे. परीक्षा-मार्गदर्शकांत मात्र तो क्वचितच आढळतो.

लिंगाच्या बाबतीतही असेच आहे. मराठीत फारशी-अरबी शब्दांचा भरणा किती आहे हे माधवराव पटवर्धनांच्या १९२५ च्या ‘फार्शी-मराठी कोशा’वरून कळते. उर्दू विद्यार्थ्याला हे शब्द आपले वाटतात आणि तेथेच तो घसरतो. स्त्रीलिंगी शब्द बहुधा स्त्रीलिंगीच राहिले आहेत. जमीन, तारीख, मदत, किंमत, हवा यांत अडचण येत नाही. पण उर्दूतील पुल्लिंगी व्यंजनान्त शब्दांपैकी बरेच मराठीत नपुंसकलिंगी झाले : शहर, मैदान, जहाज, वजन, सामान. ‘बाजार’ आणि ‘खर्च’ पुल्लिंगीच राहिले. ‘दुकान’ उर्दूत स्त्रीलिंगी असून मराठीत ‘ते दुकान’. म्हणून ‘मोठा शहर’ आणि ‘मोठी दुकान’ या दोन्ही चुका एकाच वहीत सापडतात. शे-सव्वाशे शब्दांची एक यादी भिंतीवर लावली तर पुरे होण्यासारखे हे काम आहे. हे शब्द शिकवावे लागत नाहीत, फक्त त्यांचे लिंग शिकवावे लागते, ही उर्दू विद्यार्थ्याची सोय आहे. तिचा फायदा कोणी घेत नाही.

शुद्धलेखनात तर त्याच्याकडे मराठी मुलापेक्षाही एक जास्तीचे साधन आहे. मराठी उच्चारात इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घत्व अनेकदा ऐकू येत नाही, त्यामुळे मराठी मुले ‘वकिल’, ‘गरिब’ असे सर्रास लिहितात. उर्दू शिकलेल्या मुलाला ‘वकील’, ‘गरीब’, ‘जमीन’ यांत ‘ये’ आणि ‘मंजूर’, ‘जरूर’ यांत ‘वाव’ लिहिलेला डोळ्यांसमोर दिसतो. ऱ्हस्व असता तर ती अक्षरे नसती. म्हणजे दीर्घ वेलांटी त्याला उर्दूच सांगते. पुढे मात्र तीच उर्दू त्याला फसवते. मराठीत प्रत्यय लागला की उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो : वकिलाला, गरिबाला, जमिनीला, मजुराला. विद्यार्थी ‘वकीलाला’ लिहितो, कारण उर्दूत ‘को’ लागून ‘ये’ कोठे जात नाही. एका दिशेने उपयोगी पडणारी व दुसऱ्या दिशेने अडवणारी अशी ही जागा आहे, आणि नेमकी अशीच जागा शिक्षकाने वर्गात उघड करून दाखवायची असते.

आता घरच्या बोलीकडे वळले पाहिजे, कारण उर्दू म्हणून वर जे म्हटले ते पाठ्यपुस्तकी उर्दू आहे आणि बोथच्या मुलाची बोली ती नाही. प्रमाण उर्दूत ‘मैं ने रोटी खाई’ असे वाक्य आहे. दखनीत मुलगा ‘मैं रोटी खाया’ म्हणतो. ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्माच्या मागे न जाता कर्त्याच्या मागे जाते. उर्दूचा शिक्षक याला बिघडलेली उर्दू म्हणतो. हा शेरा समाजातूनच येतो, बाहेरून नाही, आणि तोच अधिक खोल लागतो. वस्तुतः दखनी ही उत्तरेकडील प्रमाण उर्दूची अवनत अवस्था नाही. गोलकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहासारख्या राजकवीची भाषा तीच होती, आणि तो १६१२ मध्ये वारला तेव्हा दिल्लीत उर्दू काव्याची परंपरा उभी राहायची होती. पुढे हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. ती मोठीच घटना होती. पण विद्यापीठाची उर्दू आणि आदिलाबादच्या बाजारातील दखनी यांतील अंतर तिने कमी केले नाही.

आता हेच वाक्य तिन्ही भाषांत पाहावे. तेलुगूत ‘नेनु रोट्टे तिन्नानु’. क्रियापदाचा शेवट ‘मी’शी जुळतो, रोटीशी नाही. म्हणजे दखनीतील ‘चूक’ तेलुगूत बरोबर आहे. बोथचा मुलगा तेलुगूच्या पेपरात हे वाक्य त्याच्या घरच्या व्याकरणाने सहज लिहू शकतो. इस्लापूरच्या मुलाला मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’ लिहिण्यासाठी घरचे व्याकरण बाजूला ठेवावे लागते आणि त्याला मदत होते ती प्रमाण उर्दूची, जी त्याला उर्दूच्या पेपरासाठीही शिकायचीच असते. ‘राम ने रावण को मारा’ आणि ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यांची घडण एकच आहे. कर्त्याला ‘ने’, कर्माला प्रत्यय आणि क्रियापद कोणाशीच न जुळणारे. उर्दूत ते पुल्लिंगी एकवचनी राहते, मराठीत नपुंसकलिंगी एकवचनी. उर्दूच्या शिक्षकाने ‘ने’ शिकवायचा आणि मराठीच्या शिक्षकाने भावे प्रयोग, दोघांनी वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या नावांनी, एकमेकांना न विचारता. मुलाला मात्र एकच गोष्ट दोनदा अवघड करून मिळते.

हे दखनीचे एकच वैशिष्ट्य नव्हे. ‘येतो म्हणून सांगितले’ हे मराठीत, ‘आता बोलके बोला’ हे दखनीत आणि ‘वस्ताननि चेप्पाडु’ हे तेलुगूत. तिन्ही भाषांत आधी बोलणे, मग ‘म्हणून’ अर्थाचा शब्द, मग क्रियापद. प्रमाण उर्दू येथे ‘कि’ने वाक्य उलटवते. ‘काल आलेला मुलगा’, ‘कल आया सो छोकरा’, ‘निन्न वच्चिन अब्बायि’ : पुन्हा तिन्ही एका साच्यातली. ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ दखनीने मराठीकडून घेतले, हे तर सर्वज्ञात आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरक, म्हणजे ऐकणारा धरून की सोडून, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ असा आहे. प्रमाण उर्दूत दोन्हींना ‘हम’ एवढेच. ‘दोघे’, ‘तिघे’ हे मराठीतील माणसे मोजण्याचे शब्द तेलुगूत ‘इद्दरु’, ‘मुग्गुरु’ म्हणून आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाला तेलुगू परकी वाटते ती मुख्यतः लिपीमुळे व शब्दांमुळे. वाक्याच्या घडणीत ती त्याला प्रमाण उर्दूपेक्षाही अनेक ठिकाणी जवळची आहे.

अशा सहवासात व्याकरणेच एकमेकांकडे सरकतात, हे महाराष्ट्रातील एका गावाच्या अभ्यासातून जगापुढे आले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू यांचा एकत्र अभ्यास केला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा की गावातील कन्नड, मराठी व उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, परंतु वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतून दुसरीत जाताना जवळजवळ शब्दाला शब्द ठेवता येतो. हा निबंध भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमांत जगभर वाचला जातो. ज्या प्रकारच्या गावाविषयी तो आहे तशा गावांतील शाळांमध्ये मात्र त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही. आदिलाबादची भाषिक परिस्थिती कुपवाडसारखीच आहे असे म्हणणे घाईचे होईल. तेथे गोंडी व कोलामी या आणखी दोन भाषा आहेत. परंतु प्रश्न त्याच जातीचा आहे.

तेलुगूच्या बाजूचे चित्र वेगळे असले तरी सुखावह नाही. तेलुगू शालेय व्याकरणाच्या मागे परवस्तु चिन्नयसूरी यांचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील ‘बालव्याकरणमु’ उभे आहे. नाव ‘बाल’, पण विषय काव्यातील ग्रांथिक तेलुगू. गिडुगू राममूर्ती यांनी व्यवहारातील तेलुगूसाठी मोठा लढा दिला. तरी व्याकरणाचे प्रश्न अजूनही संधी, समास, छंद, अलंकार यांच्याभोवती फिरतात. द्वितीय भाषेच्या विद्यार्थ्याला उत्वसंधीची व्याख्या विचारली जाते आणि ‘रामुडु + अतडु = रामुडतडु’ असे उदाहरण तो पाठ करतो. हा ‘रामुडतडु’ तो आयुष्यात कधी बोलणार नाही. पण वर दिलेले ‘वस्ताननि’ म्हणजे ‘वस्तानु + अनि’, तीच उत्वसंधी, आणि ती बोथच्या बसस्थानकावर दिवसभर ऐकू येते. क्रियापदाची रूपे ही खरी अडचण. मराठीत आला, आली, आले अशी तीन लिंगे. तेलुगूत एकवचनी ‘वच्चाडु’ पुरुषासाठी आणि ‘वच्चिंदि’ स्त्री व वस्तू दोहोंसाठी. अनेकवचनी ‘वच्चारु’ माणसांसाठी आणि ‘वच्चायि’ इतर सर्वांसाठी. मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या मुलांना येथे विचार करावा लागतो, कारण त्यांच्या भाषांत लिंग नामाला चिकटलेले असते आणि तेलुगूत ते अर्थावर ठरते. एका अर्थी ते सोपे आहे. ‘भिंत’ स्त्रीलिंगी का, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. सांगितले तर सोपे, न सांगितले तर दहा वर्षे अवघड.

तेलंगणा राज्य ९ सप्टेंबर हा काळोजी नारायणराव यांचा जन्मदिवस भाषादिन म्हणून पाळते. काळोजींचे वडील मराठी भाषक व आई कन्नड भाषक होती, आणि तेलंगणाच्या बोलीला पाठ्यपुस्तकी तेलुगूच्या बरोबरीने मान मिळावा यासाठी ते आयुष्यभर बोलत राहिले. ज्या राज्याचा भाषादिन अशा माणसाच्या नावाने आहे, त्या राज्यात द्वितीय भाषेच्या व्याकरणाचा पेपर बोलीकडे पाठ फिरवतो, हे विसंगत आहे.

याउलट, ज्या भाषा परक्यांना शिकवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला आहे तेथे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. चिनी भाषेच्या एचएसके या परीक्षेची मांडणी २०१० मध्ये सहा पातळ्यांत झाली. २०२१ च्या निकषांत त्या नऊ झाल्या. प्रत्येक पातळीसाठी व्याकरणाचे मुद्दे क्रमाने ठरलेले असतात आणि एकच अवघड अव्यय, उदाहरणार्थ ‘ल’, पुढच्या पातळीवर नव्या वापरासह पुन्हा येते. मधल्या पातळ्यांच्या लेखनविभागात विस्कटलेले शब्द देऊन त्यांचे वाक्य करायला सांगतात. अव्ययाची व्याख्या विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही. ते वाक्यात कोठे बसते एवढे त्याला यावे लागते. त्या परीक्षेवरही पाठांतराचे आक्षेप आहेत, तिच्याही तयारीची मार्गदर्शके बाजारात ढिगाने आहेत. परंतु ती चिनी मुलांच्या परीक्षेची पातळ आवृत्ती नाही, एवढे तरी तिच्याबद्दल म्हणता येते. मराठीतही असे काम झाले आहे. मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने काढले. मराठी बाहेरून शिकणाऱ्याला जे प्रश्न पडतात त्यांतून ते उभे राहिले आहे. ते इंग्रजीत आहे आणि अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी आहे. अमेरिकेतून आलेल्या संशोधकाला मराठीचे जे व्याकरण उपलब्ध आहे ते किनवटच्या उर्दू शाळेतील मुलाला उर्दूतून उपलब्ध नाही, आणि यात अमेरिकनांचा काही दोष नाही. गेल्या पन्नास वर्षांत ते काम करण्याची जबाबदारी मराठी व उर्दूच्या प्राध्यापकांची होती.

आदिलाबादमध्ये याच्या उलट प्रयत्नाचे उदाहरण घडून गेले आहे. १९४३ पासून मारलवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झाली. गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार करण्यात आली, कारण त्या भागातील गोंडांना मराठीचा परिचय होता. निजामी राज्यात कारभार उर्दूत असताना आदिवासी मुलांची पहिली पुस्तके त्यांच्या भाषेत व शेजारच्या भाषेच्या लिपीत लिहिली गेली, ही गोष्ट आजच्या पाठ्यपुस्तक मंडळांनीही ध्यानात घ्यावी. याच जिल्ह्यात सरकारी अधिकारी म्हणून काम केलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू, फारसी, तेलुगू जाणत आणि गोंडी व कोलामीवरही त्यांनी लिहिले. त्यांच्या पिढीत हैदराबाद राज्यातील सुशिक्षित मराठी माणूस या साऱ्या भाषांत वावरत असे. त्याला कोणी भाषातज्ज्ञ म्हणून वेगळे काढत नसे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो शिक्षकांच्या बाजूने रास्त आहे. मार्चमध्ये परीक्षा असते, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, आणि प्रश्नपत्रिका ‘प्रयोग ओळखा’ असेच विचारणार असते. कम्युनिटी कॉलेजात येणारा विद्यार्थी तर शाळा सोडून दोन-चार वर्षे झालेला, नोकरीच्या परीक्षेसाठी घाईत असलेला. त्याला तौलनिक व्याकरण सांगत बसायला वेळ कोठे आहे? परंतु गुणांचाच हिशेब करायचा तर लेखनकौशल्याच्या प्रश्नांचे गुण व्याकरणाच्या सुट्या प्रश्नांपेक्षा कमी नसतात, आणि ते जातात सामान्यरूप, लिंग व प्रयोग या तीन जागी. या तिन्ही जागा त्या विद्यार्थ्याच्या वहीतूनच ओळखता येतात. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. वीस वह्या घेऊन त्यांतील ‘गावला’, ‘मोठा शहर’, ‘चिठ्ठी लिहिलो’ अशी वाक्ये एकत्र लिहून काढली तर दोन तासांत त्या वर्गाचा अभ्यासक्रम हाती येतो. तो उर्दू शाळेतील वर्ग, मराठी शाळेतील तेलुगूचा वर्ग आणि गोंडी मुलांचा वर्ग यांत वेगळा निघेल, कारण प्रत्येकाच्या चुकांचे मूळ वेगळ्या भाषेत आहे.

दुसरा आक्षेप उर्दूच्या प्राध्यापकांचा. दखनी वर्गात आणली तर मुलांची उर्दू आणखी बिघडेल, असे त्यांना वाटते. सध्या मात्र ती वर्गात नाही असे कोठे आहे? ती प्रत्येक उत्तरपत्रिकेत हजर असते, फक्त तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ‘मैं रोटी खाया’ हे वाक्य घरचे आहे, ‘मैं ने रोटी खाई’ हे उर्दूच्या पेपराचे, ‘मी भाकरी खाल्ली’ हे मराठीच्या आणि ‘नेनु रोट्टे तिन्नानु’ हे तेलुगूच्या, असे चारही फळ्यावर शेजारी लिहिले तर यांतील कोणते वाक्य अशुद्ध, हा प्रश्न मुलगा विचारत नाही. कोणत्या पेपरात कोणते, एवढेच विचारतो. बोथच्या मुलाला पहिले आणि चौथे जुळलेले दिसते, इस्लापूरच्या मुलाला दुसरे आणि तिसरे.